न चाखलेली वडी

धुरपताबाईनं आपली वडी आयुष्यात कधी चाखली नव्हती. सासूनं औषध हाती दिलं तेव्हाच बजावलं होतं की देणाऱ्यानं आपलं औषध जिभेला लावायचं नाही, लावलं तर गुण त्याच्याच पोटात उतरतो आणि रोग्याच्या वाट्याला नुसता चोथा येतो. औषध तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडाला निवता द्यायचा, बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवून 'उद्या येतो, सोबत चाल' असं सांगायचं, हाही नियमच होता. पण तो तिला सोपा वाटायचा. न चाखण्याचा नियम मात्र तिनं तपासारखा पाळला होता. बोटाला गूळ चिकटला तरी ती बोट चाटायची नाही, लुगड्याला पुसायची. धुवायला सुनेला त्रास होईल याचा विचार करण्याची तिची रीत नव्हती.

वडी जंतांवरची होती. सालेकशाच्या वाटेवरच्या त्या गावात पोर दात खाऊ लागलं, पोट नगाऱ्यासारखं झालं की आया रविवारी सकाळी धुरपताबाईच्या अंगणात यायच्या. म्हातारी पाटावर बसायची, डबा उघडायची, लहान पोराला लहान वडी आणि मोठ्याला मोठी वडी स्वतःच्या हातानं जिभेवर ठेवायची. घ्यायची काही नाही. पोर बरं झालं तर एक नारळ, तोही मारुतीला. वडीत कोणकोणती झाडं असतात ते गावात कुणाला पुरतं ठाऊक नव्हतं. पळसाच्या बिया असतात एवढं पोरंसोरंही सांगत, कारण जेठात ती पळसाखाली वाकलेली दिसायचीच. कचारगडच्या डोंगरातून वावडिंग येतं हे काहींनी ताडलं होतं. तिसरं काय, ते मीही सांगणार नाही. तिनं ते एकाच माणसाला सांगितलं आणि त्या सांगण्यानंच पुढचा सगळा घोळ झाला.

हे औषध सासूकडून सुनेकडे जायचं, अशी रीत. धुरपताबाईला सून होती, चांगली कर्ती होती. भूमेश्वरी तिचं नाव. पण ती अंगणवाडीत सेविका झाली आणि एके दिवशी जंतांच्या सरकारी गोळ्यांची पिशवी घेऊन घरी आली. धुरपताबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एका घरात दोन वैद्य कसे नांदणार? त्या दिवसापासून झाडांची नावं तिनं तोंडात दाबून धरली. बिया स्वतः वाळवायची, स्वतः कुटायची आणि नुसतं पीठ डब्यात भरून सुनेपुढे ठेवायची. बोटं वाकडी झाल्यानं गुळाचा पाक करून वड्या वळणं तिला जमत नव्हतं, म्हणून तेवढं काम भूमेश्वरीकडे. हमालीला सून आणि मानाला सासू, असा तो कारभार. भूमेश्वरी काही बोलायची नाही. रविवारी दाराशी बसायची आणि कुणाला परत पाठवायचं तेवढं सासूला सांगायची.

"मामीजी, याले नको आता. याची पोळ्याले झाली आहे, आता होळीनंतर."

सुनेला बरं लक्षात राहतं, असं धुरपताबाईला वाटायचं. त्यापलीकडे काही वाटायचं नाही.

नात आचल गोंदियाला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. संक्रांतीला घरी आली तेव्हा आजीच्या पायाशी बसून म्हणाली, "आजी, तुझी वडी मले प्रोजेक्टसाठी पाहिजे. गांडुळावर टाकून पाहाची आहे."

"गांडुळानं तुमचं का बिघडवलं बापा? वावराचं भलं करते बिचारं."

"पोटातले जंत बाहेर जगत नाही नं वो. गांडूळ त्याइच्यासारखंच असते. दवाईनं ते किती वेळात सुस्त पडते, किती वेळात मरते ते पाहून राहिलो आमी. मॅडम म्हनते, गावातली जुनी दवाई आना."

म्हातारीनं दोन दिवस विचारात काढले. रीत सुनेची होती, नातीची नव्हती. पण नातीनं मागितलं होतं, आणि गोंदियाच्या कॉलेजात आपली वडी काचेच्या भांड्यात बसणार या कल्पनेनं तिला आतून गुदगुल्या होत होत्या, हेही खरं. तिसऱ्या दिवशी भूमेश्वरी सेविकांच्या बैठकीला देवरीला गेली. तेवढा मोका साधून धुरपताबाईनं आचलला परसात नेलं, कानात तिन्ही नावं सांगितली, थोड्या कोऱ्या बिया, थोडं वावडिंग आणि ते तिसरं दिलं, वर डब्यातल्या मूठभर वड्याही रुमालात बांधून दिल्या.

"मम्मीले सांगू का?" आचलनं विचारलं.

"तिले कायले?" म्हातारी म्हणाली.

कचारगडची जत्रा सरली आणि आचलनं फोन करून आजीला गोंदियाला बोलावलं. धुरपताबाई नवं लुगडं नेसून सालेकशाहून गाडीत बसली. कॉलेजात पांढऱ्या डगल्यातल्या पोरापोरींनी तिला खुर्ची दिली, मॅडमनं हात जोडले. टेबलावर काचेच्या थाळ्या मांडल्या होत्या. एकीत नुसतं पाणी, त्यातली गांडुळं मजेत वळवळत होती. दुसरीत सरकारी गोळीचं पाणी. तिसरीत तिच्या वडीचा अर्क. आणि त्या तिसऱ्या थाळीतली गांडुळं सगळ्यांच्या देखत मंदावली, आळसावली, सुईनं टोचलं तरी हलेनात. गोळीच्या थाळीतली त्यांच्या बरोबरीनं पडली, जरा मागूनच.

"आजी, ही तर टॅबलेटच्या बरोबरीची झाली," मॅडम म्हणाली. "ऐसा कभी देखा नहीं मैंने." पोरांनी टाळ्या वाजवल्या. धुरपताबाईनं मेलेल्या गांडुळांना मनातल्या मनात हात जोडले आणि मग पदरानं डोळे पुसले. सासूची आठवण आली होती तिला, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं कौतुकही अनावर झालं होतं.

परत आली ती हवेत. फोटो गावच्या ग्रुपवर आधीच येऊन पडला होता. पुढचे रविवार म्हातारीनं अंगणात बसून ती थाळी, ती सुई आणि ती मॅडम इतक्या वेळा सांगितली की पोरांना पाठ झालं. सरकारच्या गोळीला माझ्या वडीनं हरवलं, हे वाक्य ती सून ऐकेल एवढ्या आवाजात म्हणायची. भूमेश्वरीनं फोटो पाहिला त्या दिवशी तिच्या हातून वरण करपलं होतं. वड्या नातीला दिल्या, नावंही नातीला सांगितली, हे तिला तेव्हाच कळलं. ती आतल्या आत घुमी झाली. गावाला वाटलं, मान डावलला म्हणून सून रुसली. धुरपताबाईलाही तसंच वाटलं आणि वाईट वाटण्याऐवजी जरा बरंच वाटलं. म्हातारी माणसं देवमाणसं असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्या घरी एक दिवस राहून पाहावं.

फागुनात पळस पेटले होते तेव्हा आचल आठवड्याच्या मधल्याच दिवशी घरी आली. पाणी दिलं ते प्यायली नाही, जेवायला बसली नाही. धुरपताबाई परसात मोहफुलं पसरत होती, तिथं येऊन उभी राहिली.

"आजी, एक विचारतो. खरं सांगशील?"

"मी कधी खोटं बोलली?"

"वडीत तू आनखी का टाकतेस?"

"तुले सांगतलं ते. त्याहून का टाकीन?"

आचल खाली बसली. तिनं सांगितलं ते असं. आजीनं दिलेल्या कोऱ्या बियांचा, वावडिंगाचा आणि त्या तिसऱ्याचा अर्क तिनं नंतर वेगळा काढला. त्या अर्कात गांडुळं सुस्तावली, पण मेली नाहीत. वडीत मात्र मरतात. तीच झाडं, मग एवढा फरक कसा? मॅडमला शंका आली. तिनं एका पांढऱ्या पट्टीवर वडीच्या अर्काचा ठिपका दिला, शेजारी सरकारी गोळीचा ठिपका दिला आणि पट्टीचं टोक एका द्रवात बुडवून ती उभी केली. ओल वर चढत गेली तसे ठिपकेही चढले. वडीतून फुटलेला एक डाग गोळीच्या डागाशेजारी, नेमका त्याच उंचीवर जाऊन थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच.

"म्हनजे का?"

"म्हनजे वडीत सरकारी गोळी आहे, आजी. कुटून टाकली आहे. मॅडम म्हनते, तुझ्या आजीनं आपल्याले फसवलं."

धुरपताबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "मी?" ती म्हणाली. "मी गोळी टाकीन? त्या सरकारी गोळीले मी हात लावीन?" राग आला. मॅडमचा आला, पट्टीचा आला, समोर मान खाली घालून बसलेल्या नातीचा सगळ्यात जास्त आला. ही पोर माझ्या मांडीवर वाढली आणि मला चोर म्हणून राहिली!

मग रागाच्या मधोमध तिला एक आठवलं. पूर्वी पोरं वडी तोंडात गेली की तोंड वाकडं करायची, थुंकायची, आयांना नाक दाबून गिळवावी लागायची. पळसाचं बी काही लाडू नव्हे. पण गेली कित्येक वर्षं पोरं वडी चघळत होती, वर हसत होती. सुनेचा गुळाचा हात सढळ आहे, असं ती समजून चालली होती.

ती उठली. घरात गेली, फळीवरचा डबा काढला, एक वडी घेतली आणि उभ्या उभ्या तोंडात टाकली. सासूनं घातलेला नियम तिनं त्या क्षणी मोडला. आधी गूळ लागला, मग कडू, आणि त्या कडवटाखाली काहीतरी गोडूस, दुकानातल्या क्रीमच्या बिस्किटासारख्या वासाचं, जे पळसाचं नव्हतं, वावडिंगाचं नव्हतं आणि त्या तिसऱ्याचंही नव्हतं. ती ते चघळत राहिली. तिला खात्री करून घ्यायची होती आणि खात्री नकोही होती.

भूमेश्वरी चुलीपाशी तांदूळ निवडत होती. सासूच्या तोंडात वडी आहे हे तिनं पाहिलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली. तेवढ्यानं सगळं कळलं.

"काऊन केलंस?"

भूमेश्वरीनं सूप बाजूला ठेवलं. "केवलरामची पोरगी आठवते तुमाले? तुमची वडी खाऊन खाऊन तिचं पोट फुगून राहिलं होतं. तुमी म्हनत होत्या, गुन येईल, वेळ लागते. तिच्या तोंडातून जंत पडले तवा मी तिले उचलून गोंदियाले नेलं. वाटेत तिचे डोळे फिरले होते, मामीजी. मांडीवर होती माझ्या."

"ते उशिरा आनलं होतं तिले."

"उशिरा नाही आनलं. तुमच्यापाशीच होती ती."

ती पोरगी वाचली होती, आता सायकलवर शाळेत जायची. वाचली याचं श्रेयही गावानं धुरपताबाईच्याच पदरात टाकलं होतं आणि तिनं ते घेतलं होतं.

"मी गोळी घेऊन दारोदार गेली," भूमेश्वरी म्हणाली. "साऱ्या बाया म्हने, धुरपतामायची वडी झाली, आता गोळी कायले? गोळ्या तशाच पडून राहत. मंग मी मोठ्या वडीत पूर्ण टाकली, लहान वडीत अर्धी. पोट्टे बरे झाले. तुमचंही नाव राहिलं. मी कोनाचं वाईट केलं?"

"मले सांगतलं काऊन नाही?"

"तुमी मले झाडाची नावं सांगतली का?"

हे बोलणं भूमेश्वरीनं किती वर्षं साठवून ठेवलं होतं कोण जाणे. ते बाहेर पडलं आणि तीच रडायला लागली. धुरपताबाई रडली नाही. तिला वाटत होतं की कुणीतरी आपले दोन्ही हात मनगटापासून काढून नेले आहेत आणि ते नेल्याला इतकी वर्षं झाली तरी आपण त्याच हातांची कौतुकं सांगत बसलो. विश्वासघात दुसऱ्याच्या घरात होतो असं ती समजायची. इथं तर रोज तिच्यासाठी भाकरी भाजणाऱ्या हातानं तो केला होता, आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच गुळात.

संध्याकाळी मुलगा टिकाराम बांधावरून आला. त्याला तिनं अंगणातच गाठलं. "तुले मालूम होतं?"

टिकारामनं गाडी स्टँडवर लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. "माय, पोट्टे तर बरे होऊन राहिले होते नं," तो म्हणाला.

"मी ते नाही विचारलं."

"होतं," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

त्या घरात म्हातारीखेरीज एकट्या आचलला ठाऊक नव्हतं आणि तिचाच प्रोजेक्ट बुडाला होता. वडीचा निकाल मॅडमनं काढून टाकला, कोऱ्या बियांचा तेवढा ठेवला. "आजी, तुझ्या बियांनी गांडुळं सुस्त तर पडले," पोरगी समजुतीनं म्हणाली. "म्हनजे त्याच्यात काही तर आहे. जास्त टाकून पाहीन मी." धुरपताबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. 'काही तर आहे' हे शब्द तिला पोराला दिलेल्या खुळखुळ्यासारखे वाटले. ती रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सुनेच्या हातचं खाल्लं नाही, स्वतः खिचडी शिजवून खाल्ली. भूमेश्वरी ताट वाढून समोर ठेवायची, ते झाकलेलंच राहायचं.

शनिवारपर्यंत म्हातारीनं मनाशी ठरवलं. ती हेकट होती, तोंडाळ होती, पण खोटी नव्हती, आणि खोटं म्हणवून घेऊन जगण्याची तिची तयारी नव्हती. गावासमोर सांगून टाकायचं. लोकांनी तोंडावर थुंकलं तरी चालेल. फसवलं गेलं ते गाव आणि आपण, दोघं मिळून. हा एक विचार तिला त्या आठवड्यात आधाराला होता. गावही आपल्यासारखंच फसलेलं आहे.

रविवारी सकाळी अंगणात आया जमल्या. मोहाचा हंगाम, सगळ्यांच्या कमरेला टोपल्या. भूमेश्वरी नेहमीप्रमाणे दाराशी होती, पण बसली नव्हती. धुरपताबाईही पाटावर बसली नाही. डबा हातात धरून उभी राहिली.

"बायाहो, ऐका," ती म्हणाली. "या वडीत सरकारी गोळी आहे. कुटून टाकलेली आहे. मले मालूम नव्हतं. सासूची आन घेऊन सांगतो, मले मालूम नव्हतं. माझ्या हातानं तुमची फसवणूक झाली. मले माफी द्या."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून भूमेश्वरीकडे पाहिलं, आणि भूमेश्वरीनं डोळे मिटून घेतले. ते पाहणं धुरपताबाईला समजायला थोडा वेळ लागला.

शेवटी रुची बोलली. नवीनच लग्न होऊन आलेली वाटायची अजून, पण कडेवर पोरगी होती. "ते आमाले मालूम आहे नं, माय," ती म्हणाली. "ताईनं पहिलेच सांगून ठेवलं, वडी खाल्ली तर दवाखान्यातली गोळी आनखी खाऊ घालू नका म्हनून. साऱ्याइलेच मालूम आहे." आणि मग, म्हातारीचा चेहरा बघून घाईघाईनं, "द्या नं लवकर. मोहफुलं वेचाले जायचं आहे."

"मालूम आहे," धुरपताबाई म्हणाली, "तर माझ्यापाशी कायले येता? अंगनवाडीत जा नं. तिथं तेच भेटते."

एका बाईनं टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. रुची पोरवयाची, तिला गप्प बसण्याची अक्कल अजून आली नव्हती.

"तुमाले बरं वाटते म्हनून," ती म्हणाली.

टाळ्या वाजवणारी ती पोरं, मॅडमचे जोडलेले हात, मारुतीपुढचे नारळ, गांडुळांची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून घेणारे हे सगळे चेहरे. पोरं बरी झाल्यावर पाया पडायला येणाऱ्या याच बाया. सगळं गाव वर्षानुवर्षं रविवारची सकाळ काढून तिचं मन राखायला येत होतं. तिला वाटायचं, आपण देतो. मारलं असतं तर सोसलं असतं, पण ही दया कुठं ठेवावी ते तिला कळेना. तिनं एका बाईकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. पाहण्यासारखा, आपल्याला न फसवणारा एक चेहरा तिला हवा होता.

तेवढ्यात रुचीच्या कडेवरच्या पोरीनं आ केला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला डबा दिसला होता आणि डब्यात काय असतं ते माहीत होतं. ती आ करून तशीच थांबली.

धुरपताबाईनं डबा उघडला. वाकड्या बोटांनी चाचपून लहान वडी काढली आणि पोरीच्या जिभेवर ठेवली, नेहमी ठेवायची तशीच. पोरगी चघळायला लागली. तिचं तोंड हसरं झालं.

"गोड आहे," पोरगी म्हणाली.

"हो," धुरपताबाई म्हणाली. "मालूम आहे मले."